पानामावशीची दाढ आणि हाडांची गोळी

पानामावशीचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यावर तिने त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायला घेतलं. कमरेला कायम पाना खोचलेला, म्हणून ती पानामावशी. वय पासष्टीच्या पुढचं. वस्तू नुसती दुरुस्त होऊन तिचं भागायचं नाही, ती बिघडली कशी तेही कळायला हवं. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि ही फ्रीव्हील उघडून आतले छर्रे तळहातावर घेऊन न्याहाळत बसलेली, हे नेहमीचंच.

एकदा टायर चढवताना तिचा पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं हे हाडांच्या डॉक्टरांना खटकलं. तपासणी केली, तर हाडं ठिसूळ झालेली. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

"का बरं?" मावशीने विचारलंच.

"घशाखाली अडकली तर आतून पोळते."

"आणि हाडात जाऊन करते काय?"

डॉक्टरही हौशी निघाले. हाड म्हणजे काही दगड नव्हे, ते म्हणाले. त्याचा जुना भाग सतत कुरतडला जातो आणि नवा भरला जातो. तुमच्या हाडात कुरतडणारे जोरात आहेत, भरणारे मागे पडलेत. गोळी कुरतडणाऱ्यांना आवरते.

मावशीला हे इतकं आवडलं, की पंक्चर काढता काढता तिने ते येईल त्याला ऐकवलं. पुढे गोळी अंगवळणी पडली. इतकी, की ते औषध आहे हेच ती विसरली.

दोनेक वर्षांनी तिची खालची दाढ ठणकू लागली. घरी तिची धाकटी नणंद असते, तीही एकटीच. भावजय एका बाजूने चावतेय हे तिने चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी फर्मावलं, "वहिनी, चप्पल घाल."

दातांची डॉक्टर तरुण होती. तिने आधी विचारलं, "मावशी, कुठली औषधं चालू आहेत?"

"छे! रक्तदाब नाही, साखर नाही. ठणठणीत आहे मी."

खोटं बोलायचा तिचा हेतू नव्हता. तिच्या लेखी औषध म्हणजे रोज जेवणानंतर घ्यायचं ते.

एक्स-रे पडद्यावर आला. दाढ उभी चिरली होती, मुळाशी पू साठला होता. वाचण्यासारखी नाही, काढावी लागेल, असं सांगून डॉक्टर जागा बधिर करायचं इंजेक्शन भरू लागली. मावशीची नजर पडद्यावरून हलेना.

"काढल्यावर तिथे खड्डा राहतो का हो?"

"नाही, भरून येतो. जबड्याचं हाड आधी कडा थोड्या कुरतडून घेतं, मग नवं हाड..."

"कुरतडतं?" मावशी खुर्चीत उठून बसली. "मग माझी गोळी त्याला आवरेल ना?"

"कुठली गोळी?"

मावशीने सांगितलं. डॉक्टरने सुई ट्रेमध्ये ठेवली. नणंदेने कपाळावर हात मारला. "वहिनी! आत्ताच नाही म्हणालीस ना?"

"अगं, आठवड्यातून एकदाची ती. तिला काय औषध म्हणायचं?"

डॉक्टर हसली, पण स्टूल ओढून समोर बसली. किती वर्षं घेताय, त्याच कामाचं एखादं इंजेक्शन कधी घेतलंय का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "ही गोळी घेणाऱ्यांत क्वचित कुणाची दाढ काढल्याची जखम मिटत नाही, आतलं हाड उघडं राहतं. फार क्वचित. पण मला आधी माहीत असलेलं बरं. तुमच्या डॉक्टरांशी बोलते, मग ठरवू."

घरी येताच नणंदेने निकाल दिला, "बंद कर ती गोळी." मावशीलाही क्षणभर पटलं. पण असं मनाने बंद केलं तर काय होतं, हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. तिने हाडांच्या डॉक्टरांना गाठलं.

"अजिबात नको," ते म्हणाले. "ती हाडात मुरलेली असते, वर्षानुवर्षं राहते. दोन आठवडे चुकवून जबड्याला काही कळायचं नाही. उद्या खुबा मोडला तर मात्र अंथरूण धराल."

"वर्षानुवर्षं?" मावशीने स्वतःच्या मनगटाकडे नव्याने पाहिलं.

पुवाची दाढ तशीच ठेवणं जास्त वाईट, यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत झालं. आधी दात साफ केले, गुळण्या आणि पू उतरवायच्या गोळ्या दिल्या. मग हलक्या हाताने दाढ काढून हिरडीला टाके घातले. मावशीने दाढ मागून घेतली आणि उजेडात धरून चीर पाहिली.

टाके निघाल्यावर काही दिवसांनी जिभेला तिथे टोकदार काहीतरी लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मावशीला आत काय आहे ते बघायचं नव्हतं. शेवटी, रक्ताच्या नुसत्या नावाने जिला घेरी येते त्या नणंदेनेच टॉर्च घेतला.

"आ कर. मोठा." आणि मग हळूच, "वहिनी, पांढरं दिसतंय गं."

दोघी तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टरने चिमट्याने हाडाची एक सुटी कपची उचलली, तांदळाच्या कणीएवढी. खाली गुलाबी हिरडी होती. "अशी कपची कुणाचीही निघते. तरी पूर्ण मिटेपर्यंत मी बघत राहणार," ती म्हणाली. जखमेने वेळ घेतला, पण ती मिटली.

पुढच्या एक्स-रेमध्ये खड्ड्याच्या जागी फिकट करडेपणा आला होता.

"कुरतडणारे आवरलेत, तर हे भरतंय कसं?" मावशीने विचारलं.

"आवरलेत, बंद नाही पडलेले. तुमच्यात नेमकं किती आवरलेत ते मलाही सांगता यायचं नाही."

हे उत्तर मावशीला भारी आवडलं.

त्यानंतर नणंदेने स्वतःची हाडं तपासून घेतली. तीही ठिसूळच निघाली. पण पहिली गोळी घेण्याआधी मावशीने तिला दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत नेऊन बसवलं. नणंद आ वासून पडलेली, आणि हिची मान डॉक्टरच्या खांद्यावरून आत डोकावतेय.

"ती मागची काळी का दिसतेय? आणि ही हलतेय का?"

"मावशी," डॉक्टर म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

नणंदेने तोंड न मिटता जोरजोरात मान डोलावली.