बसून, अक्का आणि वरचा मजला

मी बंगळूरला गेल्या गेल्या काय दिवे लावले ते ऐकायचंच आहे ना तुम्हाला? मग चहा ओता आणि माझ्या बायकोला आधी आत जाऊ द्या. कारण हा किस्सा ती सांगायला लागली की मला नुसती मान खाली घालून बसावं लागतं. मी सांगितला तर निदान मधे मधे स्वतःची बाजू तरी घेता येते. बाजू काही नाहीये, पण घेता येते!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून कंप्युटरच्या नोकरीसाठी नुकताच बंगळूरला आलो होतो. मुक्काम मॅजेस्टिकच्या बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये. खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. मेधा पुण्यात, माहेरी. रोज संध्याकाळी एसटीडी बूथवर रांग लावून फोन करायचा, आणि तिकडून एकच प्रश्न.

"घर मिळालं?"

"बघतोय गं."

"केव्हाचा बघतोयस! घर बघतोयस की मुलगी?"

शेवटी एके दिवशी तिनं निर्वाणीचं सांगितलं. गणपतीच्या आत घर झालं नाही, तर ती पुण्यातच शाळेत नोकरी धरणार, आणि मी खुशाल त्या लॉजमध्ये म्हातारं व्हावं. आता मेधा बोलते ते करते. बूथमधला पंखा चालू असूनही मला घाम फुटला.

ऑफिसातला देशपांडे म्हणाला, "चामराजपेटेत एक घर आहे. मालक आपल्यातलेच, पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले मराठी. वरचा मजला रिकामा आहे. पण माणूस जरा विचित्र आहे."

"विचित्र म्हणजे?"

"पगार विचारत नाही. गाणं विचारतो."

मी म्हटलं, एवढंच ना? आपल्या घरात काय कमी गाणं झालं? आई सकाळी रेडिओ लावायची की!

दुसऱ्या दिवशी गेलो. हनुमंतराव म्हणजे सगळ्या गल्लीचे अण्णा. सत्तरीचे, ताठ, कपाळावर गंधाची बारीक रेघ. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. अक्कांनी कॉफी पुढे ठेवली आणि विचारलं, "बायको कधी येणार?" मी "येईल, येईल" म्हणून त्यांना उडवून लावलं आणि अण्णांकडे वळलो. घराचा मालक कोण हे मला कळत होतं ना!

अण्णांनी विचारलं, "काय ऐकता?"

"शास्त्रीय."

"कुठलं शास्त्रीय?"

आता आली का पंचाईत! मी इकडे तिकडे पाहिलं. भिंतीवर एक जुना फोटो होता. बँडचा गणवेश घातलेला माणूस, मिशा पिळलेल्या, आणि हातात जवळजवळ त्याच्याच उंचीची लाकडी नळी. मी ठोकून दिलं, "पाश्चात्त्य!"

अण्णांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "ते माझे वडील हो. संस्थानच्या बँडात बसून वाजवायचे."

मी म्हणालो, "वा! आणि उभे राहून काय वाजवायचे?"

अण्णा हसले नाहीत. अक्का तेवढ्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. मग मला समजलं की त्या लाकडी नळीचंच नाव बसून. जेवण अंमळ जास्त झालेल्या काकांनी घसा खाकरावा तसा तिचा आवाज, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी झटकन सावरून घेतलं. "गंमत केली हो अण्णा! बसून म्हणजे तर माझा जीव की प्राण!"

झालं. अण्णांनी माझा हातच धरला. "मग रविवारी सकाळी या. एकच कंचेर्टो आहे, बरोक काळातला, तीनशे वर्षांमागचा. तीन वेगळ्या लोकांनी वाजवलेला. तुम्ही ऐकायचं आणि कुणाचं कसं ते सांगायचं. घराचं नंतर बोलू. सरी?"

"सरी," मी म्हणालो. माझं कन्नड तेवढ्यातच संपलं.

तर आता परिस्थिती पाहा. एकीकडे गणपती जवळ आलेले, दुसरीकडे बसून, आणि मधे मी! कंचेर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकीचा ताफा मागे, हेसुद्धा मला शनिवारी समजलं. एका परदेशी भाषा शिकवणाऱ्या संस्थेची लायब्ररी होती, तिथे जाऊन बसलो. पुस्तकं जाडजूड, डोक्यावरून जाणारी. शेवटी एका कॅसेटच्या वेष्टनावर मागच्या बाजूला एक वाक्य सापडलं. हल्ली काही लोक ते संगीत जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवतात, आणि त्यांचा सूर आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली लावलेला असतो.

अहाहा! मला हेच पाहिजे होतं. दहावीला मी अख्खं नागरिकशास्त्र अशाच एका वाक्यावर काढलं होतं. ते वाक्य घोकत घोकत लॉजवर परतलो.

रविवारी चामराजपेटेत हजर. हॉलमध्ये अण्णा, त्यांचे शेजारी मूर्ती सर आणि क्रोशाचा रुमाल पांघरलेला कॅसेट प्लेअर. मूर्ती सर निवृत्त बँकवाले, मूळचे कानडी, पण अण्णांशी जन्मभर भांडून भांडून मराठी पक्कं झालेलं. त्यांनी मला चष्म्याच्या वरून न्याहाळलं. "हे पुण्याचे पंडित काय?"

अण्णांनी पहिली कॅसेट लावली. मी डोळे मिटले. डोळे मिटले की माणूस जाणकार दिसतो, हे मी पुण्यात मैफिलींना पाहिलं होतं. संपल्यावर अण्णा म्हणाले, "हं?"

"उत्तम," मी म्हणालो. "पण जरा आजकालचं वाटतं."

अण्णांनी मूर्ती सरांकडे पाहून भुवई उडवली. दुसरी कॅसेट लावली, आणि काय सांगू, देव माझ्या पाठीशी होता! माझ्या अडाणी कानांनासुद्धा कळलं, सूर खाली होता. तेच सुरुवातीचं वाजवणं, पण एक पायरी उतरून. मी मधेच हात वर केला. "थांबा! हे जुन्या वाद्यांवरचं आहे. अर्धा स्वर खाली!"

मूर्ती सर खुर्चीत पुढे सरकले. "हे कसं काय? या वेष्टनावर तसं काही लिहिलं नाही."

"वेष्टनावर कशाला पाहिजे, सर? सूर सांगतोय ना!"

अण्णा हरखून गेले. "मूर्ती, मी म्हणत होतो की नाही, याच्यात काहीतरी वेगळं आहे?" मग माझ्याकडे वळून जरा गोंधळून म्हणाले, "पण खरं सांगू? आजवर ही कॅसेट मला एवढी खाली लागली नव्हती हो कधी."

आता इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी काय म्हणावं?

"ऐकता ऐकताच कान तयार होतो, अण्णा."

सत्तर वर्षांच्या माणसाला, ज्याचा बाप बसून वाजवायचा, त्याला मी हे ऐकवलं! आणि ते बिचारे मान डोलावून "खरं, खरं" म्हणाले.

तिसरी कॅसेट लागली. सूर आणखी खाली. आता तर वाजवणंही संथ झालेलं, कढी आटल्यासारखं. मला उत्साहाचं भरतं आलं. "हे तर त्याच्याही आधीचं! सूर जितका खाली, तितका काळ मागे!"

"असं आहे?" मूर्ती सर म्हणाले. "मग अजून स्वल्प खाली गेलं तर माकडं वाजवतील."

"सर, थट्टा करू नका. हा ठेहराव बघा. त्या काळी माणसांना घाई कुठे होती?"

"आणि हे मधे मधे डगमगतं ते?"

"तोच तर भाव आहे!"

अण्णा भारावून माझ्याकडे पाहत होते. मला डोळ्यांसमोर वरचा मजला दिसायला लागला. मेधा खिडकीला पडदे लावतेय, मी आरामखुर्चीत पेपर वाचतोय. घर खिशात पडलंच म्हणून समजा!

कंचेर्टो संपला. थोडी खरखर झाली, आणि मग एकदम नुसता एकच आवाज सुरू झाला. मागचा सगळा ताफा गायब. जाड, घोगरा, लांबत जाणारा आवाज. शब्द नाहीत, नुसतं "हंऽऽ हंऽऽ". अण्णा प्लेअर बंद करायला लगबगीनं उठले. मी त्यांना हात धरून खाली बसवलं. हो, मी! "अण्णा, हे बंद करता? सगळ्यात मोठी गोष्ट तर आत्ता सुरू झाली! एकटा बसून! बाकी सगळे थांबलेत आणि हा एकटाच बोलतोय!"

अण्णांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मला वाटलं, भावना अनावर झाल्या.

"काय तो खर्ज! माणसाच्या गळ्यातून निघेल का असा आवाज? रेड्यानं रेकावं तसा! लाकूड बोलतंय हो, लाकूड!"

मागे भांडी खणखणली. वळून पाहिलं तर अक्का दारात उभ्या, हातातल्या ट्रेमध्ये कॉफी सांडलेली.

"ते लाकूड म्हणजे मी," अक्का म्हणाल्या.

इकडे प्लेअरमधलं लाकूड निवांत रेकत होतं.

"ही माझ्या आईची अंगाई आहे. नातवासाठी भरून ठेवली होती, मुलीबरोबर अमेरिकेला पाठवायला." अक्कांनी ट्रे खाली ठेवला आणि अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही म्हणालात बॅगेत घातली. मुलगी म्हणाली मिळाली नाही. तुम्ही म्हणालात विमानतळावर काढून घेतली असेल. अय्यो! आणि ही इथे? बसूनच्या शेपटाला?"

"रेडिओवर अचानक लागला हो तो कंचेर्टो," अण्णा पुटपुटले. "कोरी कॅसेट नव्हती हाताशी. मला वाटलं, तू परत गुणगुणशील."

"परत गुणगुणशील म्हणे!"

मूर्ती सर एव्हाना प्लेअरपाशी वाकले होते. त्यांनी झाकणातून आत पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "अरे अण्णा, हे चक्रच धड फिरत नाही! आतला पट्टा सैल झालाय. म्हणून सगळं खाली खाली चाललंय. कसली जुनी वाद्यं आणि कसलं काय!"

"मी परवाच सांगितलं होतं," अक्का म्हणाल्या. "माझी भजनं रडल्यासारखी लागतात या यंत्रावर. पण बाईचं ऐकतंय कोण या घरात?"

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. मूर्ती सर शेजारी जाऊन त्यांचा स्वतःचा प्लेअर घेऊन आले आणि तिन्ही कॅसेटी परत लावल्या. सरळ कोर्टच भरलं म्हणा ना! तिन्हींचा सूर अगदी एक. आणि मी जिला सगळ्यात जुनी म्हटलं होतं, ती तिघांत सगळ्यात नवी निघाली.

शेवटी अंगाईचं उरलेलं टोक लागलं. अण्णांनी पुसून पुसून जेमतेम पाळण्याच्या चार झोक्यांएवढी शिल्लक ठेवली होती. पण काय आवाज होता हो! मऊ, ओला, जवळचा. माझी आईच उशाशी येऊन बसल्यासारखं वाटलं मला. अक्का पदरानं डोळे टिपत होत्या, अण्णा स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते. मला फार, फार वाईट वाटलं. दाद द्यावीशी वाटत होती, पण त्या घरात परत कशालाही दाद द्यायची माझी छाती नव्हती.

मी चपला शोधायला लागलो. "येतो अण्णा. घराचं राहू दे."

"ते घराचं त्यांना काय सांगता?" अक्का म्हणाल्या. "घर माझ्या बाबांनी मला दिलेलं. भाडेकरू मी ठरवते. हे नुसते कॅसेटी लावतात."

घ्या! म्हणजे इतका वेळ मी ज्या देवाला नारळ फोडत होतो, तो त्या देवळातला नव्हताच. आणि जी खरी देवी, तिला मी रेडा म्हणून बसलो होतो.

"अक्का, चुकलं माझं," मी म्हणालो. "मला बसूनमधलं ओ की ठो कळत नाही. घर पाहिजे होतं म्हणून थापा मारल्या. बायको गणपतीपर्यंतच थांबणार आहे."

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "परवा मी विचारलं तेव्हा हेच सांगितलं असतं तर त्याच दिवशी किल्ली दिली असती. तुमच्या बायकोला बोलवा. घर तिला देते, तुम्हाला नाही. ज्या माणसाला बाईचा आवाज लाकडाचा वाटतो, त्याच्याशी संसार करायचा म्हणजे तिला जवळ कुणीतरी शहाणं माणूस पाहिजे."

मेधा आली. करार तिच्या नावावर झाला. मी साक्षीदार म्हणून सही केली, स्वतःच्याच घराला! गणपती त्याच घरात बसले. अक्कांनी नातवासाठी अंगाई नव्यानं भरली, तेव्हा मला आणि अण्णांना दोघांनाही जिन्यावर बसवलं होतं. तो किस्सा मेधाला कुणी सांगितला हे विचारूच नका. सामानाचा टेंपो अजून दारातच उभा होता, तेव्हा अक्कांनी तिला तो साभिनय करून दाखवला होता.

पहिल्याच आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. मेधा बोलत होती, बोलत होती, आणि मी पेपर वाचत होतो. ती थांबली.

"ऐकलंस का मी काय म्हणाले ते?"

"ऐकलं की! सगळं ऐकलं."

"काय ऐकलंस ते राहू दे," मेधा म्हणाली. "आधी सांग, बाई बोलत होती की लाकूड?"