‘लुक’च्या शेपट्या

लुआन ताईंना इंग्रजी शिकवता शिकवता माझं डोकं उठलं होतं. ताईंचं वय एक्कावन्न. इथे चीनमधल्या चिंगदाओ शहरात, मासळी कारखान्यात बावीस वर्षं सुरमई साफ केली. कारखाना बंद पडला तेव्हा मुलं सांभाळायचं काम मिळावं म्हणून आमच्या वर्गात आल्या. एका परदेशी घरात तान्ह्या बाळासाठी बाई हवी होती. शुक्रवारी तोंडी परीक्षा, ती पास झाली तर नोकरी पक्की. आणि ताईंचं गाडं ‘लुक’पाशीच अडलेलं.

“ॲट लावलं की नुसतं पाहणं, फॉर लावलं की शोधणं, आफ्टर लावलं की सांभाळणं. शेपूट विसरू नका!” हे किती वेळा सांगितलं, ते मोजायचंही मी सोडलं होतं.

“आय लुक फॉर बेबी,” ताई ठणकावून म्हणाल्या.

“म्हणजे बाळ हरवलं! गेली तुमची नोकरी.”

“अहो बाई, आपल्याकडे ‘बाळाला बघते’ म्हटलं की सगळं आलं त्यात. बावीस वर्षं शेपट्या कापल्या मी, आता लावायला सांगताय!” वर डबा पुढे सरकवून म्हणतात, “खा डंपलिंग. चिडून पित्त होतं.”

गुरुवारी शिकवणी चालू असताना माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. आई गावी, लाययांगला एकटीच असते, गुडघे पार गेलेत. “चेहरा बरा दिसतोय. जेवलीस ना? वर्ग चालू आहे गं,” म्हणत मी फोन ठेवला.

“आईला कोण बघतं?” ताईंनी विचारलं.

“मी बघते की रोज, फोनवर.”

“आणि औषधपाणी?”

“शेजारच्या यू काकू करतात. तुम्ही पुस्तकात बघा!”

ताई “हं” म्हणाल्या आणि पुस्तकात बघू लागल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत मी घरी गेले.

शुक्रवारी परीक्षक बाईंनी ‘लुक’ची दोन वाक्यं मागितली. मागच्या बाकावर मी डोळे गच्च मिटले.

“माय टीचर लुक्स ॲट हर मदर,” ताई सावकाश म्हणाल्या. “मिसेस यू लुक्स आफ्टर हर.”

पूर्ण गुण. नोकरी पक्की झाली.

बाहेर येताच ताईंनी माझा हात धरला. “बाई, कुठे चुकलं का हो?”

मी चूक शोधत राहिले. दोन्ही शेपट्या जागच्या जागी होत्या. मला लाज वाटली.

“नाही,” मी शेवटी म्हणाले. “सगळं बरोबर आहे.”