ओल्या वाळूवरची तपासणी

माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाची मोहोर असली, तरी मला जी थोडीफार अक्कल आहे तिच्यावर ग्रीसने माखलेला एक अंगठा उमटलेला आहे. तो पालघरहून बोईसरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या मिस्त्रीमामांचा. मामा मूळचे एडवणचे, मच्छीमाराच्या घरचे. होडीत बसलं की उलटी होई म्हणून ट्रकांकडे वळलो, असं स्वतःच सांगत. गाडी दुरुस्तीला आली की ते बॉनेटला हात लावत नसत. आधी ती चालवायला लावून मागे उभे राहत. माणसांनाही त्यातून सूट नव्हती. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी परत जाताना मागून पाहिलं आणि घरात येऊन सांगितलं, "पोर बरा हाय, पन एकच चप्पल झिजलीय. गुडघा दुखत आसंल." लग्नानंतर कळलं, गुडघ्याचं खरं होतं. मला ते 'बीएस्सी' म्हणत. मी घराण्यातला पहिला पदवीधर. ती हाक मला फार आवडे. तिच्यातली चेष्टा कळायला पुष्कळ दिवस लागले.

तेव्हा तारापूरला मोठं बांधकाम चाललं होतं आणि एका ठेकेदाराच्या ट्रकांवर मी देखरेख करी. त्यातला खडीचा एक ट्रक डावीकडे ओढू लागला. मनोरकडचा ड्रायव्हर रोज सांगे, "साहेब, गाडी डावीकडं वडते. स्टेरिंग धरून धरून खांदा गेला." मी शास्त्रीय पद्धतीने कामाला लागलो. डावी चाकं, डावे ब्रेक, डाव्या टायरांची हवा, सगळं तपासलं, दोष सापडेना. तेव्हा मी बाणांच्या आकृतीसह अहवाल लिहिला, की ड्रायव्हरचा डावा खांदाच उतरता असल्याने गाडी तिकडे जाते. तो अहवाल मला इतका आवडला की वडिलांना वाचून दाखवला. त्यांना काही कळलं नाही, तरी ते "शाबास" म्हणाले. ठेकेदाराला मात्र कळलं. त्याने शनिवारी ड्रायव्हरला काढायचं ठरवलं.

ड्रायव्हर भांडला नाही. एवढंच म्हणाला, "एक डाव मामांना दाखवू, साहेब. मंग जातो."

मामांनी ट्रककडे न बघता आभाळाकडे बघितलं. "काय बीएस्सी, तुमच्या घड्याळात ओहोटी किती वाजता हाय?"

ओहोटीला आम्ही शिरगावच्या किनाऱ्यावर पोचलो. घट्ट ओल्या वाळूवर ड्रायव्हरने रिकामा ट्रक सरळ नेला आणि मामा उकिडवे बसून चाकांच्या खुणा वाचू लागले. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या मागोमाग न जाता उजवीकडे सरकले होते.

"चिंबोरी झालीय हिची, खेकड्यावानी तिरकी चालते," मामा म्हणाले. मग त्यांनी खिशातून जाळं विणायचं सूत काढलं आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही अंगांनी माप घेतलं. डावीकडे पुरलेलं सूत उजवीकडे दोन बोटं कमी पडलं. उजव्या बाजूच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे बांधणारा मधला बोल्ट तुटून ते चाक मागे सरकलं होतं.

"डावीकडं वडते म्हनून तुमी डाव्याच अंगाला बसलात. उजवीकडं कोन बघनार, तुमचा बाप?"

माझ्या डोळ्यांपुढे "शाबास" म्हणणारे वडील आले. ड्रायव्हर हसला असता तर बरं वाटलं असतं. मी घाईने म्हटलं, "मामा, बोल्ट टाका नवा." मामांनी हातातला पाना खाली ठेवला.

"पयला तुमचा कागद सरळ करा. मंग गाडी."

तिथेच बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं: दोष बोल्टचा, आणि न बघता लिहिणाऱ्या माझा, ड्रायव्हरचा नाही. ड्रायव्हर कामावर राहिला. ठेकेदाराने मलाही ठेवलं, का ते मला अजून कळलेलं नाही.

पुढे मला देशावर नोकरी लागली. तिथून मामांना पत्र लिहिलं. त्यांना वाचता येत नसे. तोच ड्रायव्हर वाचून दाखवील हे ठाऊक होतं, म्हणून अक्षर मोठं काढलं.

"ती. मामांस नमस्कार. इथे गाड्या पुष्कळ आहेत, पण समुद्र नाही. गाडी ओढते अशी तक्रार आली की मी मैदानावर पाणी मारून घेतो आणि चाकांमागे उकिडवा बसतो. लोक हसतात. तुमचं सूत माझ्याकडेच राहिलं आहे. परत पाठवायला मन होत नाही. मी निघालो त्या दिवशी तुम्ही मला स्टेशनच्या वाटेवर मागून बघत उभे होतात. काय दिसलं, ते विचारायचं राहून गेलं. पत्र वाचणाऱ्याकडून लिहवून कळवा. आपला, बीएस्सी."