ताईंची सुई

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरताईंच्या हाताला शीर सापडली नाही, असं तीस वर्षांत घडलं नव्हतं. त्यांनी लावलेली सलाईनची सुई आठवडाभर टिकते, याचा त्यांना कोण तोरा! खाटेवरच्या म्हाताऱ्या शिंप्याची सुई वेळेवर बदलू म्हणणाऱ्या नर्स पोरींवर त्या डाफरायच्या, "म्हाताऱ्याला उगाच कशाला टोचायचं?"

सुई लावल्याच्या सहाव्या दिवशी त्या शिंप्याला हुडहुडी भरली. अँटिबायोटिक चालू असूनही ताप हटेना. ताईंनी मनगटापासून वर बोट फिरवलं, तर शीर सुतळीसारखी कडक लागली. सुई काढताच मागोमाग पू आला.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. शिरेत बुरशी वाढली होती, आता ती रक्तात पसरली होती.

शिंपी ग्लानीतही हात ताठ धरून पुटपुटत होता, "ताई, हात हलवला नाही हो. तुमची सुई जपलीय."