आश्रुबाचं पेव

जग बुडणार याची आश्रुबाला जेवढी खात्री होती, तेवढी स्वतःच्या गुडघ्यांचीही नव्हती. गुडघे एखाद्या दिवशी बरे असत. जग मात्र बुडणारच होतं, आणि ते बुडताना धारूरच्या घाटाखालच्या वाकडखोरीतलं एक घर तरी तरलं पाहिजे, म्हणून वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यानं घरामागचं आजोबाच्या वेळचं पेव उकरून काढलं. गावानं त्याचं नाव जगबुडे आण्णा ठेवलं. असल्या कामात गाव फार हुशार असतं.

हे खूळ मोबाइलमधून आलं, असं त्याचा मुलगा बजरंग म्हणायचा. मोबाइलनं तेल ओतलं असेल, पण ठिणगी जुनी होती. आश्रुबानं एकतीस वर्षं गावच्या नळाचा पंप चालवला. सकाळी सहाला बटण दाबायचं, टाकी भरली की बंद करायचं. एवढंसं काम, पण त्यातून त्याला जे दिसलं ते सरपंचालाही दिसलं नसेल. विजेचा डीपी जळाला की पहिल्या दिवशी लोक थट्टा करायचे. दुसऱ्या दिवशी सख्ख्या जावा एका हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. तिसऱ्या दिवशी पंपघराच्या पत्र्यावर दगड यायचे. माणसाची माणुसकी किती दिवस टिकते हे तो बोटांवर सांगायचा, आणि त्याला एका हाताची बोटंसुद्धा जास्त व्हायची. पुढं टाळेबंदीच्या साली ऊसतोडीची माणसं डोक्यावर बोचकी घेऊन कारखान्यांवरून पायी येताना पाहिली, तेव्हापासून तो म्हणायला लागला की आता सगळ्या दुनियेचा पंप एकाच बटणावर आलाय.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस अंग चोरून उतरेल एवढं, आणि खाली रांजणासारखं सुटलेलं पोट. गेल्या वैशाखात आश्रुबानं आत जाळ करून त्याची ओल मारली, तळाला वारुळाची माती पसरली, कडब्याचं अस्तर लावलं, लिंबाचा पाला, बिब्बे टाकले आणि बारा पोती ज्वारी ओतली. तीस पोत्यांचं पेव निम्मंसुद्धा भरलं नाही. वर फरशी ठेवली, आणि चिखलशेणानं तोंड लिंपायचं काम सुनेनं, वनमालानं केलं. “मामा, जग बुडायच्या आधी मला एकदा माहेरी जाऊन येऊ द्या,” असं ती लिंपता लिंपता म्हणाली होती. सासऱ्याची थट्टा करायची मुभा घरात तिला एकटीलाच होती, आणि ती बोलली की म्हाताऱ्याला आतून बरं वाटायचं.

त्याच्याकडं एक जुना कंदीलही होता. रेशनचं रॉकेल बंद झालं तेव्हा तो खुंटीला लटकून राहिला. हैदर, धारूरच्या बाजारात मोटारी दुरुस्त करणारा, पंपाच्या दिवसांपासूनचा त्याचा वयानं बराच लहान दोस्त. त्यानं कंदिलातली वात काढून बॅटरी आणि पांढरा दिवा बसवून दिला. काच तीच, दांडी तीच. कितीही वारं सुटू दे, विझत नाही, असं म्हणत आश्रुबा तो आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचा.

यंदा चैत्रात कुठल्या तरी लांबच्या समुद्रात लढाई पेटली. वाकडखोरीला त्या समुद्राचं नावही नीट घेता येत नव्हतं. पण आधी डिझेलला रांगा लागल्या, मग डिझेलच येईना. मग एका दुपारी लाईट गेली ती गेलीच. टॉवरचं जनरेटर थांबलं तसे मोबाइल मुके झाले. बजरंग ट्रक घेऊन गुजरातेत गेला होता, तो तिकडंच अडकला. त्याचा शेवटचा फोन येऊन आठ दिवस झाले होते. रेशनची गाडी आली नाही. दुकानदारानं फळ्या लावून घेतल्या. आश्रुबा पहिले दोन दिवस मिशीत हसला. गाव आता त्याला नुसतं आण्णा म्हणू लागलं होतं, जगबुडे कोणी म्हणत नव्हतं. पाचव्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं. तो पेवाच्या फरशीवर बाज टाकून बसू लागला, आणि कोणी घरामागून गेलं तरी त्याच्या काठीचा आवाज यायचा.

सगळ्यात हाल झाले ते माळावरच्या वस्तीचे. ती सगळी ऊसतोडीची माणसं. सहा महिने कारखान्यावर राहून ती नुकतीच घरी आली होती, आणि बंद घरात कणगी कुठून भरलेली असणार? दहाव्या दिवशी सकाळी वस्तीतल्या दहाबारा बाया आणि पाचसहा बापे मागच्या अंगणात येऊन बसले. कोणी मागितलं नाही. नुसते बसले. आश्रुबाला दगडांपेक्षा ते बसणं जड गेलं.

वनमाला आतून आली आणि सरळ म्हणाली, “मामा, पेव उघडायचं.”

त्यानं तिला समजावलं, की बारा पोती वाटायला घेतली तर आठ दिवसांत तळ दिसेल. बजरंग कधी येईल ठाऊक नाही. हे अजून पहिलंच बोट आहे, पुढची मोजायची आहेत. ती ऐकून घेत होती, पण ऐकत नव्हती.

“मंग आठ दिसांनी त्यांच्यासंगं उपाशी ऱ्हाऊ,” ती म्हणाली. “त्यांच्या चुली थंड अन आपल्या घरातून भाकरीचा वास येतो. मला घास गिळंना झालाय.”

आश्रुबानं बायकोकडं पाहिलं. केसरबाईनं पन्नास वर्षांत नवऱ्याविरुद्ध ब्र काढला नव्हता, पण त्या दिवशी ती उठली आणि पेवावरची बाज ओढून लिंबाखाली नेऊन ठेवली. म्हातारा काय समजायचं ते समजला. आणि रुसला. घरच्या कर्त्या माणसाचा रुसवा लहान पोराच्या रुसव्यापेक्षा वाईट, कारण त्याची समजूत घालायची कोणाची हिंमत होत नाही. तो बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसला आणि म्हणाला, उघडा, लुटवा.

हैदर त्याच सकाळी चालत आला होता. दुकान बंद, घरी करमेना. त्यानं पहारीनं लिंपण फोडलं, फरशी सरकवली. आतून आंबूस, उबट वास आला. पेव उघडलं की एक दिवस तोंड उघडं ठेवावं लागतं, एवढं आश्रुबा पाठमोराच बोलला. पण अंगणात माणसं बसलेली. त्यांना उद्या या म्हणायला वनमालाची जीभ रेटेना. दुसरं काही करता येतं का, असं तिनं विचारलं.

“कंदील सोडून बघा,” तो भिंतीला म्हणाला. “इझला तर उतरायचं न्हाई. इझला न्हाई तर उतरा.”

बापानं त्याला हेच, याच शब्दांत सांगितलं होतं.

कंदील खुंटीवरून आला. सुताच्या दोरीनं खाली गेला. ज्वारीवर टेकला, आणि पांढरा उजेड पेवाच्या पोटात स्वच्छ पसरला. हैदर म्हणाला, एक नंबर चालतोय. थोडा वेळ थांबले, तरी चालूच. वनमालानं पदर खोचला. ती अंगानं काटक, तोंड अरुंद, हैदरचे खांदे त्यातून जायचे नाहीत. विहिरीत मोटारी सोडायची सवय म्हणून हैदरनं नायलॉनचा दोर तिच्या काखेखालून बांधला. ती नको म्हणत होती, तरी बांधला. भिंतीतल्या खोबणीत पाय देत ती उतरली.

पहिली पाटी भरून वर आली. ज्वारी मोत्यासारखी होती. वस्तीतल्या एका म्हातारीनं मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि डोळ्यांना पदर लावला. पाठमोऱ्या आश्रुबाला पाटी ओतल्याचा आवाज आला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या रुसव्याला तिथं पहिली चीर गेली. धान्य सुकं होतं. त्याचं काम चोख उतरलं होतं. त्याला मान वळवावीशी वाटली.

दुसरी पाटी खाली गेली. पाटीचा दोर हलेना.

“वैनी, भरली का?” हैदरनं आत डोकं घालून विचारलं. उत्तर आलं नाही. परत हाक मारली. केसरबाईनं मारली.

आश्रुबा वळला. इतका झटकन, की गुडघ्यातली कळ मस्तकात गेली. चार पावलांवर पेवाचं तोंड होतं आणि त्यातून उजेड वर येत होता. पिवळा नाही, पांढरा. जराही न थरथरणारा. तो उजेड पाहिला आणि त्याच्या ध्यानात आलं. तो कंदील विझणारच नव्हता. आत हवा असो, नसो. हे त्यानं स्वतः शंभर जणांना सांगितलं होतं, कौतुकानं.

हैदरनं चपला भिरकावल्या होत्या. खांदे आत कोंबायला लागला होता. आश्रुबानं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं मातीत पडले. हैदर ओरडला, सोडा आण्णा, वैनी मरंल.

“आत हवा न्हाई,” आश्रुबा म्हणाला. “तू गेला तर तुला काढाया तिसरा जाईल. माझ्या चुलत्याचं असंच झालतं, तीन मढी निघाली एका पेवातून. दोर वढ. सगळे या, दोर वढा.”

दोराला हात लागले. हैदरचे, वस्तीतल्या बाप्यांचे, बायांचे. दोर ताठ झाला, वर येऊ लागला, आणि तोंडाशी येऊन अडकला. वनमालाचं अंग आडवं झालं होतं, एक खांदा फरशीच्या काठाखाली गुंतला होता. ओढावं तर हात मोडेल, सोडावं तर ती पुन्हा खाली जाईल. आश्रुबा पालथा पडला, श्वास कोंडून दोन्ही हात आत घातले. तिचे केस हाताला लागले, मग मान. मान हलत नव्हती. त्यानं खांदा दाबून वळवला आणि म्हणाला, आता. त्याच्या आयुष्यात त्यानं देवाला फार कधी त्रास दिला नव्हता. तेवढ्या वेळात सगळा देऊन घेतला.

ती बाहेर आली तेव्हा ओठ काळेनिळे होते. कोणी फोन काढला, बंद मोबाइलकडं पाहिलं, परत खिशात घातला. केसरबाईनं सुनेच्या चोळीची बटणं तोडली, बापे आपोआप पाठमोरे झाले. वस्तीतल्या बायांनी पदरांनी वारा घातला. हैदर लांबून सांगत होता, उताणी निजवा, तोंड उघडा, फुंकर घाला आत. केसरबाईनं सुनेच्या तोंडाला तोंड लावलं. एकदा, दोनदा, दहादा. आश्रुबा मोजत होता आणि मोजता मोजता त्याला आकडे आठवेनात. मग वनमालाच्या छातीतून घरघर आली. ती खोकली, ओकली, आणि डोळे उघडून कोणाचीच ओळख नसल्यासारखी बघत राहिली. केसरबाई तिला पोटाशी धरून मोठमोठ्यानं रडली. आश्रुबा जिथं होता तिथंच मातीत बसला. तोही रडत होता, आणि माणसं बघताहेत याची त्याला लाज वाटली नाही.

ज्वारी दोन दिवसांनी, पेवाला हवा लागल्यावर काढली. गिरण्या बंदच होत्या, तेव्हा गोठ्यांतली, न्हाणीघरांतली पायरी झालेली जाती शोधून शोधून धुतली गेली. पंधराव्या दिवशी लाईट आली. एकोणिसाव्या दिवशी बजरंग आला, दाढी वाढलेला. म्हणजे जग या खेपेला काही बुडालं नाही. पुढच्या खेपेचं कोणी सांगावं.

वनमालाचा खोकला गेला, पण ती गप्प गप्प असायची. एका दुपारी ती लिंबाखाली बाजेसमोर येऊन बसली. थट्टा नाही, काही नाही. म्हणाली, “मामा, तोंड एक दिस उघडं कावून ठिवायचं?”

“दाणा आतली हवा खातो. माणसाला ठिवत न्हाई.”

“अन कंदील?”

“जाळाला जी हवा लागती तीच माणसाला लागती. जाळ इझला की माणूस इझतो.”

“मंग त्या दिशी हे का न्हाई बोलला?”

कोणी विचारलं नाही, असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं. “रुसलतो,” तो म्हणाला. “तुझ्यावर रुसून भिताडाकडं बघत बसलतो. चूक माजी हाय.”

ती पुढचं विचारू लागली. आधी जाळ कशाला करायचा, लिंबाचाच पाला का, बिब्बे का टाकायचे. तो एकेक सांगत गेला आणि त्याला बरं वाटू लागलं, आवाज पंपावरच्या दिवसांसारखा खणखणीत झाला. मग तिनं विचारलं, की तळाला वारुळाचीच माती पसरायची, दुसरी चालत नाही, हे कशासाठी?

आश्रुबानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बाप म्हणायचा, वारुळाचीच पाहिजे. का, ते बाप बोलला नव्हता आणि यानं विचारलं नव्हतं. कोणाला माहीत असेल म्हणून तो आठवू लागला. वेशीपासून एकेक घर घेत तो मारुतीच्या पारापर्यंत आला, पाराच्या पलीकडच्या आळीतही शिरला, दगडाबाईचं घर, गुरवाचं घर, सगळी दारं मनातल्या मनात ठोठावली. वनमाला वाट बघत बसली होती. आता विचारायला वाकडखोरीत त्याच्यापेक्षा म्हातारं कोणीच उरलं नव्हतं.