परमिट रूमच्या दारातला बाप

शिंदीच्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. आमच्या नेसरीकडच्या ओढ्याला माद्यांना कुणी हात लावत नाही, कारण फळं त्यांना लागतात. केरसुण्यांसाठी पानं ओरबाडायची ती नरांची. ते बिचारे शेंड्याला चार पानं मिरवत उभे. त्यांना फुलायचं त्राण कुठलं? तरी माद्या दरवर्षी लगडायच्या आणि खाली रोपंही उगवायची. मला हे खटकायचं. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायला पदवी लागते, ती माझ्याकडं होती.

रोपांच्या आणि आसपासच्या सगळ्या नरांच्या पानांचे तुकडे कोल्हापूरला नेऊन प्रयोगशाळेत ताडून पाहिले. जवळजवळ सगळी रोपं एकाच बापाची निघाली, आणि बाप ओढ्यावरचा नव्हताच. तो रस्त्यापलीकडं परमिट रूमच्या दारात, शोभेला लावलेला, अंगावर दिव्यांच्या माळा. वाऱ्यावर पराग सोडून मोकळा. सगळा ओढा सावत्र भावंडांचा, ही काळजीचीच गोष्ट. पण हा बाप गेला तर तेवढंही उरणार नव्हतं, आणि मालक तर पार्किंगसाठी झाड तोडायला निघालेला.

मी तडक गेले. "अहो, ओढ्यावरची सगळी रोपं याची आहेत. हा गेला तर पुढं तिथं एक रोप उगवायचं नाही."

मालकानं झाडाकडं खालून वर बघितलं. "एकट्याची?"

"एकट्याची."

"आयला. मग ह्येला कोण हात लावतंय बघतोच की. गाड्या लावतील रस्त्यावर."

मी खुशीत घरी आले. पुढच्या मोसमात पराग गोळा करायला गेले, तर झाड सलामत, माळा नव्या कोऱ्या, आणि फुलांचा तुरा एकही नाही. सगळे बुडख्यापासून छाटलेले.

मी विचारलं तसा मालकानं आवाज खाली आणला. "म्याडम, एवढ्या पोरांचा बाप म्हटल्यावर गुण असणारच की. गिऱ्हाईक तुरं दारूत भिजवून घेतंय. ज्यांच्या घरात पाळणा हलंना, ती माणसं पार बिद्रीपास्नं येत्यात." मग छाती काढून म्हणाला, "पर झाडाला धक्का लागू दिला न्हाई बघा."

शिव्या घालायला उघडलेलं तोंड मी मिटलं. हसू दाबत रस्ता ओलांडला.

ओढ्यावर माद्या फुलून उभ्या होत्या. त्या वर्षी एकीलाही फळ धरलं नाही.