डबा उघडून पाहिल्याची गोष्ट

प्रयोगशाळेतले काका एकवीस वर्षं पेशी वाढवत होते. सकाळी आल्याआल्या एकेक डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून विचारायचे, "काय, झाली का झोप?" काकू म्हणायच्या, "घरात कुणाची एवढी चौकशी केल्याचं आठवत नाही मला!"

तिथं संशोधन करणाऱ्या मॅडमच्या नव्या पेशी मात्र काळ्या डब्यात बंद. त्यांत दोन प्रथिनं बसवलेली. एक औषध मिळालं की काजव्यासारखं, पण निळं चमकायचं. दुसरं त्या निळ्या उजेडानं जागं होऊन कामाला लागायचं. थोडक्यात, पेशीनं आपला दिवा आपणच लावायचा. अट एवढीच, की सहा दिवस बाहेरचा उजेड आत जायला नको, कारण त्यातल्या निळ्यानंही दुसरं प्रथिन जागं झालं असतं.

चौथ्या दिवशी काकांना राहवेना. मेल्याबिल्या तर? त्यांनी डबा उघडला, सगळ्या डिश पाहिल्या आणि गुपचूप झाकण लावलं.

सहाव्या दिवशी मॅडम पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आल्या. "काका, औषध न दिलेल्या पेशींतलंही प्रथिन जागं झालंय. म्हणजे आतल्या दिव्याचा काही उपयोगच नाही. दुपारी मोठ्या सरांना सांगते, बंद करू या. तीन वर्षं गेली."

काका गप्प बसले असते तर कुणी विचारणारही नव्हतं. एकच बाटली त्यांनी चारदा धुतली. मग मॅडमच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मॅडम, मी बघितल्या होत्या."

"काय बघितल्या?"

"डिश. परवा. सगळ्या."

"लाल दिव्यात ना? त्यानं काही बिघडत नाही."

"साध्याच."

"पण का, काका?"

"जिवंत आहेत का, तेवढंच."

"म्हणजे प्रयोग फसला नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुम्ही फसवलात." त्यांनी वहीत सगळं लिहिलं आणि काकांची सही घेतली. "पुन्हा लावते. या खोलीत तुम्ही यायचं नाही."

पुढचे सहा दिवस काका पलीकडच्या खोलीत बाटल्या धूत होते. त्या दारावरून जाताना पाय उगाच रेंगाळायचे. घरी काकूंनी कधी नव्हे ते टोमणा मारला नाही.

सातव्या सकाळी मॅडम धावतच आल्या. "औषधाशिवाय एकही जागी झाली नाही! औषधवाल्या सगळ्या झाल्या!"

"आणि जगल्या का?"

"जगल्या. पण काका, यापुढे त्यांचं मीच बघेन."

काकांनी मान हलवली. हात पुसत म्हणाले, "खायला घालाल ते आधी कोमट करून घ्या. गार त्यांना सोसत नाही."